पिस्तुलाचें म्यान रंगवितांना

हौसेला मोल नाहीं, असें म्हणतात. जी वस्तु दुकानांत तयार मिळते आणि जी करणारा कारागीर आपल्याहून शतपटीनें कुशल असतो, तीच वस्तु फावल्या वेळांत घरच्या टेबलावर स्वतःच्या हातानें करून पाहावी, ही ओढ सर्व देशांतील गृहस्थांत थोडीबहुत असतेच. अमेरिकेंत या ओढीनें चामड्याच्या कामास विशेष जवळ केलें आहे. टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहरीं १९१९ सालीं टँडी नांवाच्या गृहस्थानें एका भागीदारासह जोडे दुरुस्त करणारांना चामडें व सामान पुरविण्याचा धंदा काढला. दुसऱ्या महायुद्धांत त्याचा मुलगा चार्ल्स आरमारांत होता. जखमी शिपायांचें मन रमावें म्हणून इस्पितळांतून त्यांना चामड्याचीं लहानसहान कामें देतात, हें तेथें त्याच्या दृष्टीस पडलें. युद्धानंतर त्यानें धंद्याचा मोहरा हौशी लोकांकडे वळविला. पाकीट, कमरपट्टा, चाकूचें घर अशा वस्तूंच्या जोडीला पिस्तुलाचें म्यानही घरीं शिवून पाहणारे लोक तिकडे पुष्कळ आहेत. या म्यानालाच इंग्रजींत होल्स्टर म्हणतात.

ज्या देशांत पिस्तूल बाळगणें ही सामान्य गोष्ट आहे, तेथें या वस्तूचें नवल वाटत नाहीं. सॅम्युएल कोल्ट याला फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचें अमेरिकन पेटंट १८३६ सालीं मिळालें. पुढें पश्चिमेकडील मुलखांत तें हत्यार पसरलें, तसतसें कमरेला लटकविण्याचें चामड्याचें म्यानही पसरलें. आणि तें शिवणारे बहुधा खोगीर करणारेच कारागीर असत. रंगाचा प्रश्न मात्र लष्करानें एकदां मोठ्या प्रमाणावर उपस्थित केला. १९११ सालच्या नमुन्याच्या पिस्तुलासाठीं अमेरिकन सैन्यांत तांबूस तपकिरी चामड्याचें म्यान असे. तें १९१६ सालच्या नमुन्याचें म्हणून ओळखलें जातें. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत सैन्यानें तपकिरी चामडें सोडून काळें स्वीकारलें, तेव्हां शिपायांना आपले बूट स्वतःच काळे करावे लागले आणि जुन्या म्यानांवरही काळा रंग चढला. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे अशीं म्यानें आढळतात; त्यांत कोठें कोठें काळ्याखालून जुना तांबूसपणा डोकावत असतो. तपकिरीचें काळें करणें हें सोपें काम दिसतें. पण ज्यानें तें घरीं केलें आहे, त्याचे काळे झालेले हात आणि त्याहून काळी झालेली विजार वेगळीच कथा सांगतात.

म्यान हें पाकीट नव्हे, ही गोष्ट नवशिक्यानें प्रथम लक्षांत घ्यावयाची असते. पाकिटाचा रंग ठिपकेदार झाला, तर फार तर मित्र हंसतील. म्यानाला काम आहे. पिस्तूल परत ठेवतांना माणूस बहुधा एका हातानें आणि न पाहतां ठेवतो. म्हणून म्यानाचें तोंड ताठ व उघडें राहिलें पाहिजे. तोंडाचें चामडें मऊ पडून आंत दुमडलें, तर ती घडी चापाच्या कडींत शिरून चाप दाबला जाण्याचा आणि गोळी स्वतःच्याच मांडींत सुटण्याचा धोका असतो. शिवण कितीही उत्तम असो. म्यान ताठ राहणार कीं लोंबणार, याचा निकाल रंग दिल्यानंतर तेल किती पाजलें यावर पुष्कळ अंशीं लागतो. नवशिक्या मात्र सारें लक्ष रंगाच्या छटेकडे लावतो, आणि छटा साधली कीं तेलाची बाटली उपडी करतो.

हें समजण्यासाठीं चामडें म्हणजे काय, हें थोडें पाहिलें पाहिजे. जनावराचें कातडें म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या बारीक तंतूंचें जाळें होय. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें आणि वाळलें तर फळीसारखें होतें. झाडाच्या सालींत व फळांत जें तुरट द्रव्य असतें, त्यास टॅनिन म्हणतात. तें या तंतूंना धरून बसलें, म्हणजे कातडें कुजत नाहीं. यालाच कातडें कमावणें म्हणतात. क्रोमियमच्या क्षारांनीं कमावण्याची दुसरी पद्धति १८८४ सालच्या ऑगस्टस शुल्ट्झ याच्या पेटंटानंतर पसरली. ती जलद आहे आणि तीपासून निघणारें चामडें मऊ, लवचिक असतें. बुटाचा वरचा भाग व कोट यांना तें उत्तम. पण म्यानास तें चालत नाहीं. सालीनें कमावलेलें चामडें कोमट पाण्यांत भिजवून एखाद्या वस्तूवर दाबलें आणि वाळूं दिलें, तर तें त्या वस्तूचा आकार धरून ठेवतें. क्रोमच्या चामड्यांत हा गुण जवळजवळ नसतो. कापलेली कड पाहिली, तर क्रोमचें चामडें आंतून बहुधा निळसर करडें दिसतें आणि सालीचें पिवळसर बदामी दिसतें. मराठी वाचकांना हें दुसरें चामडें परकें नाहीं. कोल्हापुरी चपलांचें चामडें बाभळीची साल आणि हिरडा यांनींच कमावण्याची परंपरा आहे. त्या चपलांना २०१९ सालीं भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली, ती महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांसाठीं आहे.

म्यानासाठीं सुमारें तीन मिलिमीटर जाडीचें चामडें घेतात. अमेरिकेंत ही जाडी औंसांत मोजण्याची चाल आहे, आणि एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग. म्हणजे आठ औंसांचें चामडें अष्टमांश इंच जाड. कापणें, चिकटविणें, भोकें पाडणें व मेणाच्या दोऱ्यानें दोन सुयांची शिवण घालणें, यांत नवशिक्याच्या पांचसात संध्याकाळी जातात. मग म्यान क्षणभर कोमट पाण्यांत बुडवून आंत पिस्तूल घालतात आणि बोटांनीं किंवा हाडाच्या गुळगुळीत पट्टीनें बाहेरून दाबून उठाव आणतात. येथें एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. आंत घालावयाचें तें खरें हत्यार नसून त्याच आकाराचें प्लॅस्टिकचें ठोकळ्यासारखें पिस्तूल असावें. तें याच कामासाठीं विकत मिळतें. ओल्या चामड्यानें पोलाद गंजतें, ही त्यांतली लहान अडचण. ठासलेलें हत्यार टेबलावर हाताळलें जाणें ही मोठी. वाळण्यास निदान एक दिवस द्यावा, आणि तोही सांवलींत. घाई करून भट्टीजवळ ठेवलेलें ओलें चामडें सत्तरऐंशी अंश सेंटिग्रेडच्या सुमारास आंखडूं लागतें, आणि एकदां आंखडलेलें पुन्हां पसरत नाहीं.

आतां रंग. घराच्या भिंतीला देतात तो रंग वर बसतो; चामड्याचा खरा रंग आंत शिरतो. हा भेद ज्याला कळला, त्याला अर्धी विद्या आली. स्पिरिटांत विरघळविलेला रंग तंतूंमध्यें क्षणांत शोषला जातो. बोळा जेथें प्रथम टेकला, तेथें चामडें तहानलेलें असल्यानें तें अधिक रंग पितें. पुढें बोळा कोरडा होत जातो आणि कमी पितें. चट्टे व पट्टे पडतात ते यामुळें. शिवाय कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीकडील चामडें घट्ट असतें, पोटाकडील सैल असतें, आणि सैल भाग रंग अधिक ओढतो. बोटांचें तेल जेथें लागलें, तेथें रंग अडतो. सरसाचा किंवा चिकट द्रव्याचा थेंब पडला, तेथें तर तो बिलकुल शिरत नाहीं आणि काळ्या म्यानावर फिकट ठिपका जन्मभर राहतो. म्हणून शिवणीच्या वेळींच हात धुवून बसावें आणि बाहेर आलेला चिकट थेंब लगेच पुसावा. नंतर खरवडतां येतो, पण चामड्याचा वरचा दाणाही त्याबरोबर जातो.

रंग देण्यापूर्वीं चामडें स्वच्छ ओलसर फडक्यानें पुसून घ्यावें आणि त्याच कातड्याच्या कापून उरलेल्या तुकड्यावर छटा पाहावी. बाटलींतला रंग आणि चामड्यावरचा रंग यांचें नातें फार दूरचें असतें. ओला रंग गडद दिसतो, वाळला कीं फिका पडतो, आणि पुढें तेल दिलें कीं पुन्हां गडद होतो. तेव्हां तुकड्यालाही तेल देऊन मगच निवाडा करावा. या एका उपायानें जितके म्यान वांचतात, तितके दुसऱ्या कशानें वांचत नसतील, आणि नेमका हाच उपाय नवशिक्याला कंटाळवाणा वाटतो.

स्पिरिटाचा रंग निम्मा स्पिरिट घालून पातळ करावा. एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात नेहमीं बरे. लोकरीचा बोळा भिजवून प्रथम रद्दी कागदावर टेकवावा, म्हणजे जास्तीचा थेंब तेथें उतरतो. नंतर लहान लहान वर्तुळांत, न थांबतां, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावें. दुसरा हात पहिल्याला आडवा द्यावा. तेलमिश्रित रंग मिळतो तो सावकाश पसरतो आणि चट्टे कमी पाडतो. पहिल्या वेळीं तोच घ्यावा. कित्येक कारागीर पसरट भांड्यांत रंग ओतून म्यान त्यांत बुडवितात. त्यानें रंग सारखा येतो हें खरें, पण रंग फार लागतो. काळा रंग देणारे जुने लोक आधीं निळ्या किंवा गडद तपकिरी रंगाचा एक हात देतात. त्यावरचें काळें खोल दिसतें आणि थोडें थोडकें झिजलें तरी पांढरें उघडें पडत नाहीं. खोलींत खिडकी उघडी असावी, हातांत रबरी मोजे असावे, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसणारानें शेगडी विझवावी. स्पिरिटाची वाफ पेट घेते, हें सांगण्याची गरज नसावी, पण असते.

काळें करण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती रंगाच्या बाटलीहून पुष्कळ जुनी आहे. तीत रंग बाहेरून आणावयाचा नसतो. तो चामड्यांतच उत्पन्न करावयाचा असतो. धुवून तेलरहित केलेला लोखंडाचा बारीक कीस शिरक्यांत, म्हणजे व्हिनेगरमध्यें, आठपंधरा दिवस ठेवावा. लोखंड विरघळून त्याचा क्षार तयार होतो. भांड्याचें झांकण घट्ट लावूं नये, कारण या क्रियेंत हायड्रोजन वायु सुटतो. हें गाळलेलें पाणी सालीनें कमावलेल्या चामड्यावर फिरविलें, कीं प्रथम करडी झांक येते आणि पाहतां पाहतां ती काळी होत जाते. चामड्यांतील टॅनिन आणि पाण्यांतील लोखंड यांचा संयोग होऊन हा काळा पदार्थ बनतो. जुनी लिहिण्याची शाई हाच पदार्थ. हिरडा आणि हिराकस एकत्र आले कीं काळें होतें, हें ज्यानें लहानपणीं पाहिलें असेल, त्याला याचें नवल वाटणार नाहीं. आंध्रांतील कलमकारीचे कारागीर कापड हिरड्याच्या पाण्यांत भिजवून त्यावर गंजलेलें लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रवानें काळ्या रेघा काढतात. तीही हीच क्रिया. म्यान फिकें काळें झालें, तर आधीं कडक काळ्या चहाचा हात द्यावा, कारण चहांतही टॅनिन आहे. क्रोमच्या चामड्यांत टॅनिन नसल्यानें तें असें काळें होत नाहीं. चामडें कशानें कमावलें आहे याची परीक्षा म्हणूनही हें पाणी उपयोगी पडतें.

या काळ्या रंगाचा मोठा गुण असा कीं, तो तंतूंतच घडल्यामुळें कपड्यांना फारसा लागत नाहीं. दोष असा कीं, त्यांत आम्ल उरतें. युरोपांतील कित्येक जुन्या हस्तलिखितांत लोखंडी शाईनें अक्षराच्या जागीं कागदच खाऊन टाकलेला दिसतो. चामड्यांत उरलेलें लोखंड व आम्लही कालांतरानें तंतु दुबळे करतात. म्हणून रंग साधल्यावर लिटरभर पाण्यांत एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्यानें म्यान दोन-तीन मिनिटें धुवावें, नंतर स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि पुन्हां ठोकळा आंत घालून सांवलींत वाळवावें. सोडा मूठभर घातला म्हणजे अधिक चांगलें, असें समजूं नये. तीव्र खारानें सालीचें चामडें काळवंडतें आणि कडक होऊन तडकतें. याच रसायनाची दुसरी बाजू अशी कीं, फिकें राखावयाचें चामडें ओलें असतांना त्यावर लोखंडी खिळा, टाचणी किंवा किसाचा कण पडला, तर निळा-काळा डाग उमटतो. लिंबाचा रस लगेच लावला तर तो बराचसा जातो.

रंगविलेलें म्यान एक दिवस तसेंच राहूं द्यावें. नंतर कोरड्या सुती फडक्यानें घासावें, आणि फडकें काळें झालें कीं दुसरें घ्यावें. बाटलींतील रंगाचा जो भाग तंतूंत शिरला नाहीं, तो भुकटीसारखा वर बसलेला असतो. तो येथेंच काढला नाहीं, तर पुढें घामाबरोबर सदऱ्यावर उतरतो. तिसरें, चौथें, क्वचित् सहावें फडकें लागतें. पांढरें फडकें पांढरें राहीपर्यंत घासावें, एवढाच नियम. बहुतेक लोक दुसऱ्या फडक्यावर समाधान मानतात.

आतां तेल. स्पिरिटानें चामड्यांतील मूळचें स्निग्ध द्रव्य पुष्कळ ओढून नेलेलें असतें, म्हणून रंगानंतर तें कोरडें, करकरीत लागतें. वाकविलें तर दाणा चिरण्याची भीति असते. यासाठीं तिकडे नीट्सफूट ऑइल नांवाचें तेल वापरतात. तें गुरांच्या पायांच्या नळ्या व पायांचीं हाडें उकळून काढलेलें असतें आणि थंडींतही सहसा थिजत नाहीं. कापडाच्या चिंधीवर अगदीं थोडें घेऊन एक हात द्यावा आणि रात्रभर थांबावें. दुसऱ्या दिवशीं चामड्यानें तें ओढून घेतलेलें असतें, छटा सारखी झालेली असते, आणि येथेंच मोह होतो. एका हातानें इतकी शोभा आली, तर तिघांनीं किती येईल, असा हिशेब नवशिक्या करतो. परंतु तेल तंतूंना एकमेकांवरून सरकूं देतें, हाच त्याचा गुण. आणि पाण्यानें दाबून बसविलेला आकार टिकतो तो तंतु सरकत नाहींत म्हणूनच. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मिळत नाहींत. खोगिराचे पट्टे तेलानें मऊ व्हावेत हें योग्य. म्यानानें मात्र ताठ राहिलें पाहिजे. अधिक झालेलें तेल पुरतेंपणीं परत काढतां येत नाहीं, तेव्हां असें म्यान देखणें असलें तरी टाकून द्यावें.

कडांचें काम थोडक्यांत सांगतां येतें: बारीक कांचकागदानें घासाव्या, रंगवाव्या, ओलसर करून गुळगुळीत लांकडानें त्या चकाकेपर्यंत रगडाव्या आणि मधमाशीचें मेण लावून पुन्हां रगडाव्या. आंतली मांसाकडची बाजूही पातळ डिंकानें किंवा ज्या लेपानें वरचा भाग झांकणार त्यानेंच बसवून घ्यावी, म्हणजे तंतु उठत नाहींत आणि हत्याराला कूस लागत नाहीं.

शेवटचा लेप घाम व पाऊस यांपासून बचाव करण्यासाठीं असतो. अॅक्रिलिकचा लेप तितकेंच पाणी घालून स्पंजानें अगदीं पातळ द्यावा, वाळूं द्यावा, आणि दुसरा हात द्यावा. जाड दिला तर तो काचेसारखा चमकतो, आणि म्यान वाकलें कीं त्यावर बारीक भेगा पडून सोलपटें निघतात. आधीं घासण्याचें काम आळसानें सोडलेलें असेल, तर ओल्या स्पंजाबरोबर काळा रंग निघून येतो आणि तेव्हां चूक कळते. ज्यांना चमक नको, त्यांनीं मेण व कार्नोबा यांचा मलम चोळून फडक्यानें झिलई आणावी. पाऊस त्यानें कमी अडतो, पण चामडें चामड्यासारखें दिसतें, आणि पुढें पुन्हां पुन्हां लावतां येतें.

पुरें झालेलें म्यान ठोकळा आंत ठेवून आणखी दोन-तीन दिवस राहूं द्यावें. मग तें कमरेला न बांधतां हातांत धरून, रिकाम्या, दोनदां तपासलेल्या पिस्तुलानें परीक्षा घ्यावी: तें अडखळतां कामा नये, उलटें धरलें तर आपोआप घसरून पडतां कामा नये, आणि बाहेर काढल्यावर तोंडाची कड बोटानें दाबून सोडली तर ती जागेवर परत आली पाहिजे. ती आंत वांकून राहिली, तर तोंडाला चामड्याची दुसरी पट्टी शिवून घ्यावी. जुने कारागीर कित्येक म्यानांना अशी पट्टी पहिल्यापासूनच घालतात. आणि हत्यार दीर्घकाळ ठेवावयाचें असेल, तर तें म्यानांतून काढून वेगळें, कुलपांत ठेवावें. सालीच्या चामड्यांत आम्ल व ओल असते. त्यानें पोलादावर गंज चढतो, आणि पट्ट्याच्या चामडी घरांतून महिनोगणती राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा कळंक धरतो.